पहाटेचं पाणी कोण मोजणार?

मा. पर्यावरणमंत्री महोदय, नमस्कार.

तलावांचं पाणी तपासणाऱ्या व्हॉलंटियर मंडळींपैकी मी एक. पैसे मागत नाहीये, हे आधीच सांगितलं म्हणजे पत्र पुढे वाचाल.

सरकारी माणूस सॅम्पल घ्यायला येतो तो ऑफिसच्या वेळेत. तेव्हा ऊन असतं, पाण्यातलं शेवाळ उन्हावर ऑक्सिजन तयार करत असतं, त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा मीटर मस्त आकडा दाखवतो आणि रिपोर्टमध्ये तलाव ठणठणीत. तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन ओढून घेतं आणि उजाडायच्या सुमाराला आकडा पार खाली येतो. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांचं काही खरं नाही. गंमत म्हणजे (गंमत कसली) शेवाळ जितकं जास्त तितका हा चढउतार मोठा, म्हणजे जो तलाव सगळ्यात आजारी तोच दुपारी सगळ्यात धडधाकट दिसू शकतो. मग पहाटेचं रीडिंग घेणार कोण? काठावर राहणाराच ना!

यावर नेहमीचं उत्तर येतं की तुमचा डेटा 'अनौपचारिक' आहे. बरं, मग पाणी किती नितळ आहे ते मोजणाऱ्या सेची डिस्कचं काय करायचं? २० सेंटीमीटरची काळी-पांढरी थाळी, दोरीने पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की खोली लिहायची, वर ओढताना पुन्हा दिसली की तीही लिहायची, दोन्हींची सरासरी काढायची, झालं. अँजेलो सेची नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्रावर हा प्रयोग केला आणि १९७७ मध्ये रॉबर्ट कार्लसनने या खोलीवरून तलावाची स्थिती सांगणारा निर्देशांक दिला, खोली निम्मी झाली की निर्देशांक १० ने वाढतो (निर्देशांक जितका जास्त तितकं शेवाळ जास्त). अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९७३ पासून साधे नागरिक हेच मोजतायत आणि तिथलं सरकार ते आकडे वापरतं.

चुका होतात, हो. पावसानंतर गढूळ पाण्यात थाळी लवकर दिसेनाशी होते आणि शेवाळ नसताना शेवाळ वाटतं, मीटर कॅलिब्रेट केला नाही तर रीडिंग फेकून द्यायच्या लायकीचं. म्हणून तर ट्रेनिंग द्या म्हणतोय, एकाच जागी दोनदा रीडिंग घ्यायचा नियम घाला, संशयास्पद आकड्यावर खूण करा. पण न बघताच कचऱ्यात टाकू नका.

फॉस्फरस मात्र आमच्या आवाक्यातला नाही. शेवाळाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं, आणि तो अगदी कमी प्रमाणात मोजायला लॅबच लागते. सॅम्पल आम्ही आणून देऊ, बर्फात ठेवून, वेळेत, आणि बाटली फॉस्फेटवाल्या साबणाने धुवायची नसते एवढं आम्हाला कळतं. तुमच्या लॅबने फक्त ते घ्यावं.

तेव्हा मागणं एवढंच. आमची रीडिंग सरकारी नोंदीत वेगळ्या रकान्यात का होईना पण यावीत, लॅबचं दार उघडावं, आणि पहाटे ऑक्सिजन धोक्याच्या खाली दिसला तर फोन कोणाला करायचा ते पद लेखी कळवावं. 'संबंधित विभाग' असं लिहू नका प्लीज, त्या नावाचा माणूस आम्हाला अजून फोनवर भेटलेला नाही.

आपला,
एक व्हॉलंटियर