आयुक्तसाहेब, भाडेकरूंच्या इमारतींनाही वारसा म्हणा

प्रति,
मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका

महोदय,

कोल्हापूरचा वारसा म्हटला की अंबाबाईचं देऊळ, नवा राजवाडा, टाउन हॉल ही नावं तोंडी येतात. यायलाच हवीत. मी लिहितोय ते मात्र शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरीतल्या जुन्या दुमजली-तिमजली इमारतींसाठी, जिथे पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू राहिले.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली आणि व्यापारी पेठ गावकुसाबाहेर आली. पुढे राजारामपुरीच्या सरळ गल्ल्या आखल्या गेल्या. वाड्यात घर आतल्या चौकाकडे बघायचं; नव्या पेठांत ते रस्त्याकडे बघू लागलं. सुरुवातीला काळ्या दगडाचं जोतं, सागवानी तुळया, चुन्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. मग सिमेंट काँक्रीट आलं आणि १९३०च्या दशकात मुंबईत बहरलेली आर्ट डेको शैली इकडेही पोचली. गोलाई दिलेला कोपरा, गॅलरीचे आडवे पट्टे, गिलाव्यातच उठवलेलं इमारतीचं नाव. खिडक्यांवरून सलग धावणारा छज्जा नुसता शोभेचा नाही. ऊनही अडवतो आणि आषाढातली तिरकी झडही.

मुंबईच्या ओव्हल मैदानाकाठच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या अशाच इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा मानलं. त्या ओस पडलेल्या वास्तू नाहीत, तिथे आजही लोक राहतात.

इथल्या मालकांना दोष देणं मला पटत नाही. भाडे नियंत्रणाखालच्या जुन्या भाड्यात कौलंही शाकारून होत नाहीत. त्यात दुरुस्ती झाली तरी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो, ओल आत कोंडते, भिंत फुगते आणि शेवटी धोकादायक इमारतीची नोटीस लागते. चुन्यात काम करणारे गवंडी वेळीच मिळाले, तर यातल्या कितीतरी भिंती अजून उभ्या राहतील.

म्हणून मागणी आहे. या तीन पेठांतल्या स्वातंत्र्यपूर्व निवासी इमारतींची पाहणी करा आणि जपण्याजोग्या इमारती वारसा यादीत घ्या. मालकांना टीडीआर (जागेवर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा) आणि घरफाळ्यात सवलत द्या. नुसत्या बंधनांनी कुणी इमारत जपणार नाही. जी खरोखर धोकादायक ठरेल तिथे माणसांचा जीव आधी. पण पाडण्यापूर्वी तिचे नकाशे आणि फोटो महापालिकेच्या दप्तरी जमा झालेच पाहिजेत.

पाहणीचं काम पावसाळ्याआधी सुरू करावं, ही विनंती.

आपला,
एक कोल्हापूरकर