फॉर्म १६ बंद टपालपेटीत

मा. संपादक,
स. न.

३१ मे रोजी मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, कँटीनचा शिरा, सगळं वेळेवर झालं. संध्याकाळी सहा वाजता माझी ईमेलही वेळेवर बंद झाली. त्याबद्दल थोडं लिहायचं आहे.

विक्रेत्यांचे दर, कोटेशनं, पर्चेस ऑर्डरी यातलं मला काहीही घरी न्यायचं नव्हतं. ते कंपनीचं, तिथेच राहावं. पण इतक्या वर्षांत त्याच पेटीत माझंही बरंच साठलं होतं. पगाराच्या स्लिपा, गृहकर्जाची पत्रं, मुलीच्या प्रवेशाचे कागद. शिवाय ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची घबराट होती तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने पाठवलेली दोन ओळींची मेल: 'उद्या डबा मी आणते. तू मास्क कुठे मिळतात बघ.' ती आता नाही.

साहेबांची लेखी परवानगी घेऊन हे सगळं मी 'खासगी' नावाच्या फोल्डरमध्ये काढलं. सिस्टिम विभागातल्या मुलाने ते तपासलं आणि त्याची आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅमची एकच पीएसटी फाइल करून दिली. भरली सहा जीबी. माझा पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, कोरा करकरीत, तरी फाइल त्यावर बसेना. मला वाटलं पोरगं टाळतंय. नंतर कळलं की पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तो घेतच नाही, जागा कितीही असो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आणि काम पाच मिनिटांत झालं. पण कॉपी करताना आउटलुक बंद ठेवायचं असतं, हे आम्हा दोघांना दुसऱ्या खेपेला समजलं.

घरी आल्यावर पुढची गंमत. घरच्या कॉम्प्युटरवर आउटलुक नाही. मेलसाठीचं फुकटचं थंडरबर्ड टाकलं, तर ते पीएसटी थेट उघडत नाही. शेवटी ओळखीच्या एका मुलाने त्याच्या लॅपटॉपवर फाइल उघडून महत्त्वाच्या मेल पीडीएफ करून दिल्या. त्यातही जुन्या मराठी फाँटात टाइप केलेली पत्रं म्हणजे नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडच्या आधीचे ते फाँट ऑफिसच्या मशीनवर होते, माझ्याकडे कुठून असणार? ती पत्रं तिथेच, त्याच फाँटात उघडून छापून घ्यायला हवी होती. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. आणि हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. त्या आठवड्यात माणूस नुसता सह्या करत आणि पेढे वाटत फिरत असतो.

कंपनीने पेटी बंद केली याबद्दल माझी तक्रार नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने मेल चालू ठेवणं धोक्याचंच, हे खरेदीत काम केलेल्या बाईला सांगायला नको. तक्रार एवढीच की हे मला कोणी आधी सांगितलं नाही. निवृत्तीची तारीख तर नोकरीला लागल्या दिवसापासून ठाऊक असते. तीन महिने आधी एक पत्र द्यावं, सिस्टिमवाल्याच्या समोर बसून खासगी मेल वेगळ्या करायला एक दुपार द्यावी, आणि पुढचे काही महिने त्या पत्त्यावर येणाऱ्या मेलला 'या निवृत्त झाल्या' असं आपोआप उत्तर जावं. यात कंपनीचा एक रुपयाही जात नाही.

माझ्या बँकेचं स्टेटमेंट आणि विम्याच्या हप्त्याची आठवण ऑफिसच्याच पत्त्यावर येत असे. त्यामुळे जूनमध्ये एक हप्ता चुकला. मोठी गोष्ट नाही, विलंबशुल्क भरून मोकळी झाले. पण गेल्या आर्थिक वर्षाचा फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या आयकराचा दाखला, कंपन्या १५ जूनपर्यंत देतात. म्हणजे ३१ मेला निवृत्त होणाऱ्याच्या हाती तो नोकरीनंतरच पडणार. माझा तो नियमाप्रमाणे पाठवला गेला, माझ्या बंद झालेल्या पत्त्यावर. लेखा विभागाला फोन केला तेव्हा उत्तर आलं, "मॅडम, मेल केलाय, बघून घ्या." एप्रिल-मेच्या पगाराचा फॉर्म पुढच्या जूनमध्ये येईल. तो घरच्या पत्त्यावर पाठवा म्हणून मी आतापासूनच अर्ज देऊन ठेवला आहे. कागदावर, पोच घेऊन.

आपली,
एक निवृत्त कर्मचारी, चिंचवड