एका पपायरसच्या दोन बाजू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्राचीन संस्कृतींचा पदवी अभ्यासक्रम निवडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या अंकात आलेला मार्गदर्शनपर लेख वाचला. अभिजात संस्कृती म्हणजे ग्रीस आणि रोम, आणि इजिप्त हा त्याहून निराळा, उत्खननाचा विषय, अशी वाटणी त्यात गृहीत धरलेली आहे. अनेक विद्यापीठांत ती खरोखरच तशी आहे. पण ती विषयाला धरून नाही.

मी शिकत असताना ग्रीक एका विभागात आणि चित्रलिपी दुसऱ्या विभागात शिकवत, दोन्हींचे तास नेमके एकाच वेळी असत, आणि वेळ बदलून मागितली की आधी एक काय ते ठरवा, असे उत्तर मिळे. मी इजिप्त ठरवला. पुढे अभ्यासासाठी इजिप्तवर राज्य करणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या टॉलेमी राजांचा, म्हणजे इ.स.पू. ३०५ ते ३० हा काळ निवडला, तेव्हा कळले की वरच्या पातळीवरचा सरकारी कारभार ग्रीकमध्ये चालत होता आणि त्याच वेळी गावकऱ्यांचे कितीतरी करारमदार डेमोटिक या इजिप्शियन भाषेच्या रोजच्या वापरातल्या लिपीत लिहिले जात होते. अर्धे दप्तर मला वाचताच येत नव्हते. ग्रीक मी नंतर शिकले, पण गेलेली वर्षे गेलीच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथ. शतकानुशतके तो मुख्यतः इतरांनी दिलेल्या अवतरणांतूनच माहीत होता. इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, चार गुंडाळ्यांवरून ब्रिटिश म्युझियमने १८९१ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. या गुंडाळ्यांची मूळची, पुढची बाजू मात्र एका शेतजमिनीच्या जमाखर्चाने भरलेली आहे. रोमन सम्राट व्हेस्पेशियनच्या काळातला, इ.स. ७८-७९ च्या सुमाराचा हा हिशेब एका कारभाऱ्याने आपल्या मालकासाठी ठेवला होता. तो निकामी झाल्यावर कोऱ्या पाठीवर अ‍ॅरिस्टॉटल उतरवून घेतला गेला. अथेन्सची घटना शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी तो जमाखर्च पाहिलेला असतो? नाईलकाठच्या त्या शेतात पैसा कशावर खर्च झाला, हे ज्या हातांनी लिहिले, त्यांच्याच गावात किंवा आसपास कोणाला तरी अथेन्सचा इतिहास वाचावासा वाटत होता. ही गोष्ट दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय उमगत नाही.

इजिप्तमधल्या एडफूचे, होरस या देवाचे मंदिर घ्या. इ.स.पू. २३७ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि इ.स.पू. ५७ मध्ये संपले. बांधवून घेणारे राजे मॅसिडोनियन वंशाचे, पण भिंती चित्रलिपीने भरलेल्या, आणि तीही अशी, की आधी काही शेकड्यांत असलेली चिन्हांची संख्या या काळात हजारांवर गेली. हे देऊळ ग्रीक विभागाच्या दृष्टीने इजिप्तचे, आणि इजिप्तच्या विभागात पिरॅमिडांपासून सुरुवात केल्यावर तिथवर पोहोचेतो सत्र संपलेले असते. राजवंशांची जी क्रमवारी आपण आजही वापरतो, ती ज्याच्या ग्रंथावरून आली, तो मॅनेथो इजिप्शियन पुजारी होता आणि त्याने लिहिले ग्रीकमध्ये. रोझेटा शिळेवरचा इ.स.पू. १९६ चा आदेश तर चित्रलिपी, डेमोटिक आणि ग्रीक अशा तीन रूपांत आहे. १८२२ मध्ये शांपोल्यों या फ्रेंच अभ्यासकाला चित्रलिपीची किल्ली सापडली, त्यामागे ग्रीक आणि कॉप्टिक, म्हणजे इजिप्शियन भाषेचे शेवटचे रूप, या दोन्हींवरची त्याची पकड होती.

तीन वर्षांत दोन अवघड भाषा झेपणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. दोन्हींत पारंगत करा, असे माझे म्हणणेही नाही. पहिल्या वर्षी रोझेटासारखा एकच द्विभाषिक मजकूर दोन्ही विभागांच्या शिक्षकांनी एकत्र बसून शिकवावा, दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याने मुख्य भाषा निवडावी, आणि दुसरी भाषा निदान कोशाच्या आधाराने वाचता येण्याइतकी शिकण्याची सोय श्रेयांकांसह ठेवावी. त्यासाठी नवा विभाग नको, वेळापत्रकात दोन तास मोकळे हवेत. प्रवेश घेणाऱ्यांनी अर्ज भरण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे, की पलीकडच्या विभागातील भाषा मला याच पदवीत घेता येईल का.

आपली विश्वासू,
प्राचीन इजिप्तची एक माजी विद्यार्थिनी