मृत्युपत्रात आईच्या वाट्याला एकच ओळ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तासगाव-पलूस भागात मृत्युपत्र करून ठेवणारे आता बरेच दिसतात, ही चांगली गोष्ट आहे. मी निवृत्त शिक्षक असल्याने गावातली माणसे कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. द्राक्षबाग कोणत्या मुलाला, विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, सोसायटीचे शेअर कुणाला, हे सारे गट नंबर आणि चतुःसीमेसह नेमके लिहिलेले असते. बायकोबद्दल मात्र एकच ओळ: ‘पत्नीचा सांभाळ मुलांनी करावयाचा आहे.’ तिने कोणत्या घरात राहायचे, औषधपाण्याला पैसा कुठून यायचा, याबद्दल अवाक्षर नसते.

मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना त्याच्या मालमत्तेत सारखा वाटा मिळतो. म्हणजे सगळे मुलांच्या नावे लिहिणारा नवरा बायकोचा असलेला हिस्साच काढून घेतो आणि त्या बदल्यात तिला मुलांची मर्जी देतो. जन्मभर त्याच रानात खुरपे धरलेल्या बाईवर हा अन्याय आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

म्हणून घर, थोडी जमीन किंवा ठेव तिच्या नावे लिहावी. हा हक्क हयातीपुरता की कायमचा, हेही वकिलाला विचारून स्वच्छ शब्दांत लिहून घ्यावे; मोघम वाक्यावरूनच पुढे दावे उभे राहतात. बँकेत तिचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे, एवढ्यावर विसंबू नये. नॉमिनीला पैसे मिळतात, पण म्हणून तो मालक होत नाही.

मुलींबाबतही तेच. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत माणसाला फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. २००५ च्या दुरुस्तीने अशा मालमत्तेत मुलगी जन्मतः वाटेकरी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते पक्के केले. ‘लग्नात दिले’ म्हटल्याने तिचा हिस्सा संपत नाही.

दोन साक्षीदार लागतातच. ते शक्यतो आपल्याहून वयाने लहान, जवळपास राहणारे आणि वाटणीत ज्यांना काही मिळणार नाही असे असावेत, कारण वाद झाला तर हयात साक्षीदारालाच कोर्टात उभे राहावे लागते. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही लागत नाही. तरी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले बरे. वय झाले असेल तर शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा.

आपल्या भागातल्या वकिलांना आणि दस्त लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. मसुदा घ्यायला बसलात की ‘बायकोच्या नावे काय लिहायचे?’ हा प्रश्न आधी विचारा. आणि करणाऱ्यानेही सहीपूर्वी सगळा कागद तिला वाचून दाखवावा, मूळ प्रत कुठे ठेवली तेही सांगावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. तासगाव, जि. सांगली