हॅम रेडिओ आधी ऐकू द्या, परीक्षा मागाहून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवरून एकमेकांशी बोलायचे, या हौशी रेडिओची, म्हणजेच हॅम रेडिओची, आठवण बहुधा आपत्तीच्या वेळीच काढली जाते. 2001 चा भूजचा भूकंप किंवा 2004 ची त्सुनामी यांत दूरध्वनी बंद पडले असताना हॅमनी, म्हणजे या हौशी रेडिओचालकांनी, निरोप पोहोचवले, याचा आम्हाला अभिमान आहेच. परंतु तेवढ्यावर तेरा-चौदा वर्षांचे मूल या छंदाकडे वळेल असे मला वाटत नाही. त्याला आज, स्वतःच्या हाताने, काही घडवून पाहायचे असते. आपण मात्र आधी नियमांचे पुस्तक आणि परीक्षाच त्याच्यापुढे ठेवतो.

हा क्रम उलटा करावा. तांब्याच्या तारेचे जेमतेम अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दोन तुकडे आणि थोडी केबल एवढ्यात दोन मीटर बँडचा (सुमारे दोन मीटर लांबीच्या रेडिओलहरींचा) डायपोल, म्हणजे दोन तारांचा साधा अँटेना तयार होतो. तो परवानाधारक हॅमच्या केंद्रावर जोडून, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असताना 145.800 मेगाहर्ट्झवर कान लावला, तर अधूनमधून तेथून आवाजाच्या रूपात प्रक्षेपित होणारी चित्रे संगणकावर टिपता येतात. स्थानक जवळ येताना हीच वारंवारता सुमारे तीन किलोहर्ट्झ वर भासते आणि दूर जाताना तितकीच खाली उतरते. गतीमुळे होणारा हा बदल म्हणजेच डॉप्लर परिणाम; तो फळ्यावर शिकलेल्या मुलांना स्वतः मोजता येतो. जेमतेम दहा मिनिटांचा हा खेळ असतो, पण तो संपल्यावर मुले आपण होऊन विचारतात, की आम्हाला कधी बोलता येईल? परीक्षेचा विषय तेव्हा काढावा. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती देता येते आणि प्राथमिक स्तरावरच्या परवान्यासाठी मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची) अट नाही, हे अनेक शिक्षकांनाही ठाऊक नसते.

आम्हा जुन्या हॅमचीही यात चूक आहे. सकाळच्या 'नेट'वर, म्हणजे ठरलेल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या हॅमच्या बैठकीत, नवा, क्षीण आवाज आपला कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह) सांगतो, त्याला 'पाच-नऊ', म्हणजे 'स्पष्ट आणि जोरदार ऐकू येते', असा ठरावीक अहवाल मिळतो आणि मंडळी पुन्हा आपापल्या ओळखीच्या गप्पांकडे वळतात. त्याने अँटेना कोणती लावली, कुठे अडले, हे विचारायला दोन मिनिटे पुरतात. तेवढेही न मिळाल्याने परवाना घेऊन पुन्हा कधीच न बोललेले तरुण मी पाहिले आहेत.

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये स्काउट-गाइडांचा 'जांबोरी ऑन द एअर' हा उपक्रम होतो. त्या दिवसांत प्रत्येक हॅमने जवळच्या एका शाळेत आपला रेडिओ घेऊन जावे आणि मुख्याध्यापकांनी मैदानावर तार ताणायला परवानगी द्यावी, एवढी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक हौशी रेडिओचालक, सातारा