पडवीला फ्लडलाइट नको

महोदय,

मुळशीकडे फार्महाऊसची बांधकामं जोरात आहेत. २५ वर्षं वायरिंगची कामं करतोय, म्हणून कळकळीने लिहितो. कौलारू पडवीला लोक ५० वॉटचे पांढरेफेक फ्लडलाइट लावतात. मग जेवताना ताटात पाखरं पडतात आणि मे-जूनमध्ये ओढ्याकाठचे काजवे दिसेनासे होतात.

परवा एका घरी वाकड्या मानेचा, इनॅमलच्या टोपीचा दिवा बसवला. आत ९ वॉटचा, २७०० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब. उजेड नेमका पायरीवर पडला, आजींना उंबरा दिसला. काळ्या दगडाची भिंत काय सुरेख उजळली! बाहेरची फिटिंग घेताना खोक्यावर आयपी ६५ (धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो, अशी खूण) आहे का, तेवढं बघाच. इथल्या पावसात साधी फिटिंग पहिल्याच आषाढात पाणी धरते.

– एक वायरमन, पौड (ता. मुळशी)