कन्फेशन म्हणजे पापाचं लायसन्स नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, त्यात त्यांनी जाता जाता लिहिलंय की ख्रिश्चनांचं बरंय, आठवडाभर काहीही करा, फादरकडे जाऊन कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, केली की पाटी कोरी. हे वाक्य आम्ही वसईची ख्रिश्चन माणसं ऑफिसात, ट्रेनमध्ये, सगळीकडे ऐकतो आणि बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं हे पण माहितीय, पण सध्या उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचा पश्चात्तापाचा काळ, चालू आहे म्हणून यावर नीट लिहावंसं वाटलं.

कन्फेशनला जायच्या आधी माणसाने स्वतःची झडती घ्यायची असते, काय केलं, काय करायला हवं होतं आणि केलं नाही, मनात काय काय आलं. मग ते फादरसमोर तोंडाने बोलायचं, आणि खरंच सांगतो, ते जड जातं. "माझ्याकडून चुका झाल्या" असं मोघम चालत नाही, भावाच्या वाट्याची जमीन लाटली असेल तर तसंच सांगावं लागतं, आणि नुसतं सांगूनही भागत नाही, लाटलेलं परत करायची तयारी नसेल तर तो पश्चात्तापच खरा नाही असं चर्च शिकवतं. बायबलच्या शुभवर्तमानातला जक्कय बघा, मुख्य जकातदार, पैसेवाला, लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा तो उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं काही लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. यात येशूने आधी हिशोब मागितलेला नाही, आधी तो त्याच्या घरी गेला, पैसे नंतर सुटले. आमची श्रद्धा हीच आहे की माणूस आपल्या जोरावर आपलं पाप धुऊ शकत नाही, देवच आधी येतो, मग माणूस बदलायला लागतो.

आणि पापी म्हणजे कोणीतरी दुसरा असं आमच्यात कोणालाच म्हणता येत नाही. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीला सगळे, फादरसकट, आपण पाप केलंय हे कबूल करतात. २८ मार्च २०१४ ला पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटर्समध्ये सगळ्यांदेखत एका धर्मगुरूपुढे गुडघे टेकून कन्फेशन केलं होतं. "पतित मी पापी शरण आलों तुज" म्हणणाऱ्या तुकोबांच्या महाराष्ट्राला यातलं काही परकं वाटायचं कारण नाही.

माफी म्हणजे काय हे बघायचं तर इंदूरकडची गोष्ट बघा. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, मध्य प्रदेशात आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला समंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांना बसमधल्या प्रवाशांच्या डोळ्यांदेखत चाकूने भोसकून मारलं. पुढे २००२ साली त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, जेलमध्ये गेली आणि त्याला राखी बांधली. सुटल्यावर तो केरळला त्यांच्या घरी जाऊन आईच्या पाया पडला, आणि त्या म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. त्याच हातांनी तिची मुलगी मारली होती! हे कोणाला स्वस्त वाटत असेल तर काय बोलावं.

माफी मिळाली म्हणून शिक्षा माफ होते असंही नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्यावर गोळ्या झाडणाऱ्या अली अग्चाला १९८३ साली जेलमध्ये भेटून माफीचे शब्द सांगितले, तरी तो २००० सालापर्यंत इटलीच्या जेलमध्येच होता. म्हणूनच चर्चमधल्याच कोणी मुलांवर अत्याचार केले आणि ते वरच्यांनी माफीच्या नावाखाली झाकले, तर त्याला मी क्षमा म्हणणार नाही, तिथे पोलीस केस झालीच पाहिजे.

त्या वाचकांना एवढीच विनंती आहे की ईस्टरच्या आधी वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये या, फादरांना भेटा आणि काय विचारायचं ते सरळ विचारा, मी स्वतः बरोबर येईन.

आपला,
एक वाचक, वसई